अनफिट

“एक सुई टोचली की दोन तास तिला दुखणं कळणार नाही. तुम्ही फक्त फिटनेसच्या फॉर्मवर सही करा, मॅडम. यल्ला, चला लवकर, टाइम नाहीये,” क्लबचा मॅनेजर दर्शन म्हणाला.

आखातात, फुजैरातल्या त्या क्लबच्या महिला बास्केटबॉल संघाची फिजिओ सुचित्रा सबाचा गुडघा चाचपत राहिली. एकोणीस वर्षांची सबा म्हणजे संघाचा हुकमी एक्का. काल सरावात पाय मुरगळला आणि आज गुडघ्याची वाटी सुजेत हरवून गेली होती. फायनल संध्याकाळी होती.

“सही होणार नाही.”

“घरी एकदा विचारून बघा. तुमच्या मिस्टरांची, गुणवंतसाहेबांची नोकरी गेल्यापासून घरातल्या तिघांचे व्हिसा तुमच्या नोकरीवरच आहेत ना?”

सुचित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धमकी, आणि तीही इतक्या गोड आवाजात!

तेवढ्यात दारातून वाकून कोच स्तोयान आत आला. साठीचा, ताडमाड सर्बियन. एकेकाळी बेलग्रेडमध्ये लोक त्याचा खेळ बघायला गर्दी करत. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला, तेव्हा त्यानं गळ्यात शिट्टी अडकवली आणि देश सोडला. बैरूत, तेहरान, मनिला. कुठे ट्रॉफी मिळाली, कुठे वर्षाच्या आत नारळ. बायको कंटाळून कधीच परत गेली होती. इथे तीन वर्षं तो या मुलींवर नुसता ओरडत होता आणि मुली त्याच्यावर जीव टाकत होत्या.

टेबलावरचा इंजेक्शनचा ट्रे त्यानं बघितला, उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात उलटा केला.

“कोणी मागवलं हे?”

“मॅनेजमेंटचा डिसिजन आहे, कोच. स्पॉन्सर येतायत.”

“मग स्पॉन्सरला टोच!”

सबा उसळली. “कोच, पाय माझा आहे! आज नॅशनल टीमचे सिलेक्टर येणार आहेत. मला खेळायचंय!”

“मीसुद्धा असंच म्हणालो होतो,” तो म्हणाला. “माझ्या कोचनं दोन इंजेक्शनं दिली. आम्ही जिंकलो. त्यानंतर मी कधी खेळलो नाही.” त्याचा आवाज चढला. “माझं सोड. बैरूतला मी स्वतः माझ्या एका खेळाडूला सुई टोचायला लावली. तोही हो म्हणाला होता. मी चॅम्पियन झालो आणि तेविसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला. मी फोन केला तर तो उचलत नाही. का उचलावा त्यानं?”

दर्शनवर तो चिडला होताच, पण त्याहून कितीतरी जास्त स्वतःवर चिडलेला माणूस सुचित्राला समोर दिसला.

तिनं फॉर्म ओढला, मोठ्या अक्षरांत ‘अनफिट’ लिहिलं आणि खाली सही ठोकली.

“घ्या. हवी होती ना सही?”

“आय हेट यू! बोथ ऑफ यू!” सबा किंचाळली.

फायनल सहा गुणांनी गेली. मैदान रिकामंही झालं नव्हतं, तोच सगळ्यांसमोर दर्शन म्हणाला, “खलास, कोच. उद्यापासून येऊ नका.” स्तोयाननं एकेका मुलीशी हात मिळवला. सबानं हात जॅकेटच्या खिशातून काढलाच नाही. तो तिच्यापुढे हात धरून क्षणभर उभा राहिला, मग पुढे गेला.

घरी गुणवंतनं सगळं ऐकून घेतलं. “बरं केलंस,” म्हणाला, पण अर्ध्या ताटावरून उठला. नवी फिजिओ मिळेपर्यंत सुचित्राची नोकरी तेवढी राहिली.

तीन दिवसांनी एमआरआय आला. लिगामेंट अर्धं फाटलं होतं. आणखी एक उडी मारली असती तर उरलेलंही तुटलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. सुचित्रानं स्तोयानला फोन केला. तो एअरपोर्टवर होता. ऐकून आपल्या भाषेत एक सणसणीत शिवी हासडून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सबा कुबड्या घेऊन आली. हॅलो नाही, काही नाही. आत मैदानावर नव्या कोचची शिट्टी वाजत होती. ती टेबलावर बसली आणि पाय लांब केला. सुचित्रानं गुडघ्याला हात लावताच तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पाय मात्र मागे घेतला नाही.