दोन शब्दांमधली फट

वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात त्यांना सगळे 'एकटाके' म्हणत. एकवीस वर्षं ब्रश चालवला, पण खाडाखोड म्हणून नाही. शाई वाळली की काम संपलं.

नव्याने आलेल्या कॉम्प्युटरवर काही वाळतच नव्हतं. बटण दाबलं की केलेलं पुसलं जाई, पुन्हा दाबलं की परत येई. पंधरा दिवसांत त्यांच्या तीन जाहिराती वेळेत गेल्या नाहीत. आज सकाळी साहेब आवाज न चढवता म्हणाले, "पाच वाजता जाणारं पान हुकलं, तर उद्यापासून जुन्या अंकांच्या खोलीत बसा. तिथे कसली घाई नसते."

जाहिरात जोड्यांच्या दुकानाची, अर्धं पान. वर एकच ओळ: 'नवे जोडे, जुना भाव'. चार वाजता 'नवे' आणि 'जोडे' यांच्यातली फट जास्त वाटली. कमी केली, तर शब्द एकमेकांच्या अंगावर पडले. वाढवली. सव्वाचारला पुन्हा कमी.

"मास्तर, हे मघाचंच झालं की," शेजारच्या ऑपरेटर ताई म्हणाल्या.

"मघाचं म्हणजे कुठलं?"

"मला काय ठाऊक! रुसलेल्या नवरा-बायकोसारखं चाललंय तुमच्या शब्दांचं."

साडेचारला छपाईचा फोरमन दारात उभा राहिला. "मास्तर, मशीन कुणासाठी थांबत नाही हो. मी थांबलोय."

एकटाके उठले, बसले, चष्मा पुसून पुन्हा उठले. "ताई, आहे तसं कागदावर काढून द्या."

कागद हातात येताच त्यांनी ब्लेडने ओळ कापली. डिंक लावून 'जोडे'चा तुकडा अंगठ्याने सरकवला. कागद उलटा धरून पाहिला, अजून केसभर सरकवला. तोवर डिंकाने तुकडा धरला. त्यांनी पट्टी लावली.

"साडेसात मिलिमीटर. घाला."

"नक्की?"

"वाळलंय आता."

पाचला आठ मिनिटं कमी असताना पान गेलं. फोरमनची पावलं जिन्यावर वाजत होती. पडद्यावर मात्र ओळ तशीच उघडी होती. एकटाक्यांचा हात माऊसवर गेला. फट अर्धा मिलिमीटर कमी झाली. छान दिसली. जास्तच छान. फोरमनला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं.

मग मिटलं, आणि पडद्यावरची जाहिरात बंद केली. बदल ठेवायचे का, कॉम्प्युटरने विचारलं.

त्यांनी 'नाही' दाबलं आणि ते उजवा हात मांडीखाली दाबून बसून राहिले.