पार्सिपनीचे सर्वोत्तम कॅचर, खालून वर

क्रमांक चार.

विष्णू. यात वादच नव्हता. बेसबॉलमध्ये कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. विष्णू बसायचा छान, पण गेल्या प्रॅक्टिसला मास्कच्या आड त्याचा डोळा लागला होता. प्रल्हादने फोनवर ‘चार – विष्णू’ लिहिलं आणि त्याला हलकं वाटलं.

क्रमांक एक.

मधले नंतर. एक आधीच ठरलेला.

प्रल्हाद. म्हणजे तो स्वतः. नागपूर विद्यापीठाचा एके काळचा विकेटकीपर. अमेरिकेत, पार्सिपनीच्या मराठी मंडळाची बेसबॉल टीम निघाली तेव्हापासून कॅचरची जागा त्याचीच. आठवडाभर इन्शुरन्स कंपनीत तो इतरांच्या मीटिंगांमध्ये मान डोलवायचा. रविवारी मास्क चढवला की सगळं मैदान त्याच्या बोटांच्या खुणांकडे बघायचं. ही जागा सोडायची कल्पनासुद्धा त्याने कधी केली नव्हती.

यंदा मात्र जागेला चार दावेदार होते. कॅप्टन यामिनी, दातांची डॉक्टर, जन्म इथलाच, तिने फोन केला होता. “काका, रविवारी एडिसन गावाच्या टीमशी मॅच आहे. कॅचरचं रँकिंग तुम्हीच करा. पहिला येईल तो खेळणार, बाकीचे बेंचवर.”

“मलाही धरून?”

“ऑफ कोर्स!”

“स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच तपासायचा,” सुलभा, त्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली. “मजा आहे एका माणसाची.”

क्रमांक दोन, क्रमांक तीन. एका दमात.

रुपाली: औषधकंपनीत केमिस्ट, मूळची कोल्हापूरची. तिचा थ्रो गोफणीतून सुटल्यासारखा. पण अनुभव कमी, दोन. वीर: इथलाच, वकील. हात चांगला, पण फलंदाजाला धक्का लागला की आधी ‘सॉरी’ म्हणतो आणि मग चेंडू शोधतो, तीन.

झालं रँकिंग. आता फक्त वाचायचं. टीमची पद्धत अशी, की रँकिंग मैदानावर, सगळ्यांसमोर, खालून वर वाचायचं. ज्याचा नंबर असेल त्याने समोर येऊन मास्क काढायचा आणि कारण तोंडावर ऐकायचं. पूर्वी एकदा हे व्हॉट्सॅपवर केलं होतं, तर दोन घरांनी एकमेकांच्या दिवाळीचा फराळ परत पाठवला.

क्रमांक एक, शनिवारी दुपारी.

वाचण्याआधी प्रॅक्टिस. यामिनी तिसऱ्या बेसवरून धावत सुटली. लांबून वीरचा थ्रो आला. प्रल्हादने तो टप्प्यावरून अलगद उचलला, आणि त्याच झोकात ग्लव्ह जमिनीतल्या पांढऱ्या होम प्लेटवर टेकवून दोन्ही हात आभाळात नेले. “हाऊज दॅऽऽट!”

यामिनी आरामात प्लेटवर येऊन उभी राहिली. “काका, मला टॅग कुठे केलंत?”

इथे स्टंप नव्हते, बेल्स नव्हत्या. धावणारीला चेंडूसकट हात लावायला हवा होता. प्रल्हादला नियम पाठ होता. रुपालीला त्यानेच शिकवला होता. त्याच्या हातांपर्यंत मात्र तो पोचला नव्हता.

“पुन्हा,” तो म्हणाला.

पुन्हा तेच. अपीलसुद्धा तेच. विष्णू हसत हसत गवतावर आडवा झाला.

मग रुपाली बसली. चेंडू घेतला, वळली, यामिनीच्या खांद्यावर ग्लव्ह टेकवला. “चला कॅप्टन, घरी.”

दुरुस्ती.

प्रल्हाद थंड पेयांच्या पेटीवर बसून फोन बघत राहिला. सोबत आलेली सुलभा शेजारी संत्रं सोलत होती.

“काय करताय?”

“खोडतोय.”

तिने एक फोड त्याच्या हातावर ठेवली.

मग तो उठला. “क्रमांक चार. प्रल्हाद.”

कोणी हललं नाही. पद्धत म्हणजे पद्धत: कारण तोंडावर. पण स्वतःच्या तोंडावर सांगायचं कसं? तो सुलभासमोर गेला आणि तिच्या काळ्या गॉगलमध्ये दिसणाऱ्या दोन छोट्या प्रल्हादांना म्हणाला, “तू उत्तम पकडतोस रे. पण तू अजून नागपुरातच कीपिंग करतोयस.”

“तीन, विष्णू. तू निदान झोपेत तरी नियम मोडत नाहीस. दोन, वीर. सॉरी मॅचनंतर म्हण. एक, रुपाली. तुझ्या हातांना काही विसरावं लागत नाही.”

“दॅट्स फेअर, काका,” वीर म्हणाला.

रुपालीचे डोळे भरले. “काका, रविवारी तुम्हीच...”

“गप. खुणा शिकवतो, बस.”

हरकत.

“एक मिनिट!” सुलभाने गॉगल काढला. “चार? या घोरणाऱ्याच्या खाली?”

“वहिनी, डोळा लागला होता! घोरलो नव्हतो!”

“बेसबॉलमध्ये डोळा लागतोच कसा, भावजी?”

“रँकिंग झालं, संपलं,” विष्णू उठून म्हणाला. त्याला आयुष्यात प्रथमच कुठेतरी तिसरा नंबर मिळाला होता आणि हा नंबर तो सोडणार नव्हता.

यामिनीने हात वर केले. “प्लेऑफ! मी पिच करते. ज्याचा आधी सुटेल तो चौथा.”

असा तिसऱ्या क्रमांकाचा सामना सुरू झाला. पहिल्यासाठी कोणी एवढं पेटलं नव्हतं. दोघे आळीपाळीने प्लेटमागे बसत होते, गुडघे कडकड वाजत होते.

“विष्ण्या, दमलास का?”

“तू तुझं बघ, अंबाझरी तलावातल्या बगळ्या!”

विष्णूने उंच चेंडू घेतला. प्रल्हादने बाहेर जाणारा घेतला. विष्णूने पोटावर घेतला. वीर आणि रुपाली टाळ्या पिटत होते. सुलभा उघडउघड पक्षपात करत होती. मग एक चेंडू विष्णूच्या ग्लव्हच्या टोकाला लागून निसटला. आता प्रल्हादने एक पकडला की झालं.

यामिनीने मुद्दामच खाली, डावीकडे, दूर टाकला. प्रल्हाद उताणा, आडवा, कसाही पडला. धूळ खाली बसली तेव्हा चेंडू ग्लव्हमध्ये होता.

“तीन!” तो पडल्या पडल्या ओरडला. “नंबर तीन!”

“आधी उठ तरी,” विष्णू म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

“उठतो रे.” प्रल्हादने मातीतूनच मान वळवली. “रुपाली, तब्येत कशी आहे गं तुझी?”

“एकदम ठणठणीत, काका!”

“अरे वा,” प्रल्हाद म्हणाला. “आणि वीर, तुझी?”