फहाहीलचा टोपीवाला

"ह्यो कोन गातो?" झहूरने विचारलं.

रेकॉर्ड नुकतीच फिरायला लागली होती. शुक्रवारची नमाज झाली होती, पापलेटाचं सालन आणि भात पोटात गेला होता, आणि आमच्या गावची सगळी माणसं सतरंजीवर भिंतीला पाठ लावून, डोळे मिटायच्या तयारीत बसली होती. अशा वेळी त्या पेटीतून कोणी पोरगेला माणूस लग्नाला निघाल्यासारखा टणाटणा गाऊ लागला.

"कोन म्हणजे? तोच हाय, चाचा," मुनव्वर म्हणाला. "तुमचा टोपीवाला."

"त्यो नाय."

"अहो, रेकॉर्ड तीच, मशीन तीच."

"त्याला मी वळखतांव. ह्यो त्याचा पोरगा असंल."

कोणी हसलं नाही. मुनव्वर मात्र खुशीत होता. तीनच महिन्यांपूर्वी तो मुंबईहून वायरमनचं सर्टिफिकेट घेऊन इथे कुवेतला, फहाहीलला आला होता आणि त्याच्या हातांना स्वस्थता माहीत नव्हती. आल्या आल्या त्याने आमचा पंखा दुरुस्त केला, मग शेगडी, मग दाराची कडी. आता दुरुस्त करायला फक्त आम्ही उरलो होतो.

त्याने समजावून सांगितलं. मशीन अमेरिकेची. तिथली वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, इथली पन्नास. मोटर त्या हेलकाव्यांवर चालते, म्हणून इतकी वर्षं तबकडी हळू फिरत होती आणि गाणाऱ्याचा आवाज खाली बसत होता. मुनव्वरने मोटरच्या दांड्यावर एक पितळी नळी चढवली. दांडा जाड झाला, तबकडी जोरात फिरली. एवढंच.

"कुनी सांगितलान तुला?" झहूरने विचारलं.

"बिघडलेला होता म्हणून दुरुस्त केला, चाचा."

"बिघडलेला?" झहूर उठून उभा राहिला. "पाच वर्सा आमी बिघडलेला आयकत होतो?"

झहूर उठून उभा राहिला, ह्यातच सगळं आलं. हा माणूस तेल कंपनीच्या धोबीखान्यात इस्त्री करायचा आणि खोलीत आला की भिंतीवरच्या खिळ्यासारखा एका जागी असायचा. कपडा टांगा, नाहीतर विसरून जा. त्याच्या इस्त्रीबद्दल मात्र काय सांगू? त्याने घडी घातलेल्या पँटच्या धारेने आम्ही एकदा कलिंगड कापलं होतं. साक्षीला खोलीतले यूसुफभाय होते, पण ते आता हयात नाहीत, तेव्हा तुम्हाला माझ्यावरच विसंबावं लागेल.

त्या इस्त्रीमुळेच ती रेकॉर्ड आमच्याकडे आली. बर्ट नावाचा एक अमेरिकन तेलविहिरी खणायला आला होता. हत्तीएवढा माणूस, पण कॉलरच्या बाबतीत नव्या नवरीहून नाजूक. झहूरशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातची कॉलर त्याला चालत नसे. एकोणसाठ साली तो परत गेला, तेव्हा जाताना त्याने आपली मशीन, तिच्यासाठी लागणारा पाट्यासारखा जड ट्रान्सफॉर्मर आणि एक मोठी रेकॉर्ड झहूरच्या हवाली केली. रेकॉर्डच्या पाकिटावर कुंपणाच्या लाकडावर बसलेला टोपीवाला माणूस होता, मागे घोडा. बर्टने प्रत्येक गाण्याचा अर्थ हातवारे करून सांगितला. ही आमच्या गावाकडची गाणी, म्हणाला. सगळ्या अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत ही रेकॉर्ड लोकांना पाठ आहे.

आम्हालाही झाली. इंग्रजी कोणाला येत होतं? मी सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, कापडाच्या दुकानात होतो, मला 'यस मॅडम' आणि 'फिक्स्ड प्राइस' येत होतं. पण बारा गाण्यांना आम्ही बारा नावं ठेवली. घर आणि बायको वाहून नेणाऱ्या पुराचं गाणं, आजारी घोड्याचं गाणं, सावत्र भावाचं गाणं. दर शुक्रवारी पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये कोणी बोलायचं नाही. शेजारच्या अरबाच्या शेळ्या एरवी आमच्या लुंग्या खायच्या, पण गाणी चालू असली की त्याही रवंथ थांबवून उभ्या राहायच्या.

आणि तिसरं गाणं कुत्र्याचं. एक माणूस खूप वर्षांनी घरी परत येतो आणि त्याचाच कुत्रा त्याच्यावर भुंकतो. बर्टने भुंकून दाखवलं होतं. आम्हाला आणखी समजवायची गरज नव्हती. झहूर मागच्या खेपेला गावी गेला, तेव्हा त्याची लेक मुनिरा आईच्या पदराआड लपून म्हणाली होती, "अम्मी, ह्यो मानूस कवा जायचा?" शरीफाभाबीने पोरीला चापट मारली. झहूर म्हणाला, मारू नको, तिचा बरोबर हाय.

ह्या तिसऱ्या गाण्याला झहूर गायचा. शब्द कळत नव्हते, तरी एकेक अक्षर त्याने टोपीवाल्याच्या तोंडातून उचललेलं. पहिल्या ओळीला नुसता घुमायचा, दुसऱ्या ओळीला तोंड उघडायचा, आणि मग दोघांचे आवाज असे एकमेकांत बसायचे की कुठला अमेरिकेचा आणि कुठला दाभोळच्या खाडीचा, सांगता येऊ नये. आठवडाभर ह्या माणसाला कोणी "झहूर, पाणी दे" पलीकडे बोलत नसे. पण त्या गाण्यानंतर यूसुफभाय स्वतः उठून त्याला चहा ओतून देत.

आता मुनव्वरच्या नळीने ते गाणं वर चढवलं होतं. झहूरने त्या शुक्रवारी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा मागे राहिला, दुसऱ्यांदा आवाज फाटला. त्याने सुई उचलून ठेवली.

"काढ ती नळी," तो म्हणाला.

"चाचा, ही खरी चाल हाय. तुमी खोटी आयकत होता."

"त्या मानसाची बायको मेलेली हाय. घर गेलेला हाय. त्यो असा पळत गाईल?"

"मला काय ठाऊक त्याच्या बायकोचं? मोटर मोटरच्या हिशोबानं चालते."

आमच्याकडे काहीही अडलं की जमात बसते. गावची मशीद असो, भिंतीची हद्द असो, नाहीतर कोणाचा काडीमोड. ही सवय आम्ही समुद्रापलीकडेही आणली होती. यूसुफभाय वयाने मोठे, जेट्टीवर मुकादम. ते मध्ये बसले आणि टोपीवाल्याच्या वेगावर जमात भरली. तरुण पोरं मुनव्वरकडून. इद्रीस म्हणाला, जोरातला बरा, एक गाणा जास्त आयकून होतो. त्याला दोघांनी गप्प केलं. शेवटी यूसुफभायांनी निकाल दिला, "ज्यांची रेकॉर्ड हाय त्यांना इचारू. ते बोलतील ता खरा."

मुनव्वरला माणूस माहीत होता. अहमदीच्या कंपनी कॉलनीतल्या एका अमेरिकन मेमसाहेबांचा फ्रिज त्याने दुरुस्त केला होता आणि त्यांच्या बैठकीत त्याने तेच पाकीट बघितलं होतं, तोच टोपीवाला, तोच घोडा. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी झहूर, मुनव्वर आणि मी, आम्ही तिघं गेलो. झहूरने सगळ्यांचे सदरे इस्त्री केले, आधी मुनव्वरचा.

बाई चांगली होती, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा रागाच्या भरात बोलतोय. तिने आम्हाला खुर्च्यांवर बसवलं, थंड सरबत दिलं. आम्ही कशासाठी आलोय हे मुनव्वरने त्याच्या मुंबईच्या इंग्रजीत सांगितल्यावर तिने ती रेकॉर्ड कपाटातून काढून छातीशी धरली. म्हणाली, आणि मुनव्वर आम्हाला सांगत गेला, टोपीवाला आमच्या शेजारच्या गावचा. माझे वडील शेतावरून आले की बूट न काढता आधी ही लावायचे. हे बोलताना तिचा आवाज हलला. पाच मिनिटं मला वाटलं, ही आपल्याच खोलीतली आहे, चुकून अहमदीला राहते.

तिने आपल्या मशीनवर, इथल्याच विजेसाठी बनवलेल्या, सुई ठेवली. टोपीवाला गायला. भरभर, उंच, मुनव्वरच्या नळीसारखाच.

झहूर खाली मान घालून तिसऱ्या गाण्याच्या शेवटापर्यंत ऐकत राहिला. मग मुनव्वरला म्हणाला, "तुझा खरा हाय."

इथे उठायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाचं मन मोठं होतं, आणि मुनव्वरचं तर मुळातच साफ. तो कौतुकाने सांगू लागला, मॅडम, आमचे हे चाचा हेच गाणं आमच्या मशीनसारखं गातात, हळू.

"खरंच? मग ऐकलंच पाहिजे," बाई म्हणाली.

झहूर उभा राहिला. हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना, तेव्हा मागे बांधले. पहिल्या ओळीला घुमला, दुसऱ्या ओळीला तोंड उघडलं. बाईने तोंडावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले. झहूरने ते पाहिलं आणि त्याला वाटलं बाई रडतेय, तिला तिचे वडील आठवले. मग काय विचारता! जीव ओतला त्याने. आमच्या खोलीत कधी गायला नव्हता असा गायला. कुत्रा भुंकतो तिथे तर त्याचा आवाज फरशीखालून येतोय असं वाटलं. मी बाजूला बसलो होतो. मला बाईचे खांदे गदगदताना दिसत होते.

गाणं संपलं तशी ती डोळे पुसत बाहेर धावली. बागेत तिच्या नवऱ्याकडे पाहुणे आले होते. चार-सहा लोक ग्लास घेऊन आत आले. सगळे त्या रेकॉर्डचे भक्त, सगळ्यांना पाठ. एकाने खुंटीवरची टोपी काढून झहूरच्या डोक्यावर घातली, ती नाकापर्यंत आली. "पुन्हा," ते म्हणाले, "तसंच, हळूवालं." एकजण जिभेने घड्याळासारखं टक... टक... करून दाखवत होता.

मुनव्वर सरबताचा ग्लास खाली ठेवून उठून उभा राहिला.

झहूरने टोपी काढली. ती कुणाच्याही हातात न देता त्याने उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला आणि टेबलावर सरळ ठेवली.

"साब, इसको भाप देना पडेगा," तो म्हणाला. "किनारा बैठ गया है."

मग आम्हाला म्हणाला, "चला."

आम्ही रस्त्यावर टॅक्सीची वाट बघत उभे राहिलो. मग झहूरने मला विचारलं, "अशरफ, बाई रडत नव्हती, नाय?"

मला कुठल्याही गोष्टीवर, कुठल्याही वेळी, हवी तेवढी लांब थाप सुचते. तेव्हा एकही सुचली नाही.

"चाचा, माझी चूक झाली," मुनव्वर म्हणाला.

"तुझी कसली? तू खरा बोललास."

माझं डोकं तेव्हा जे तापलं ते आजही निवलेलं नाही. गाणं त्यांचं, कबूल. गाणारा त्यांच्या शेजारच्या गावचा, तेही कबूल. पण आम्ही ती रेकॉर्ड चोरली नव्हती, बिघडवली नव्हती, तिची थट्टा केली नव्हती. त्यांच्या माणसाचं दुःख आम्ही त्यांच्यापेक्षा सावकाश ऐकलं, एवढाच आमचा गुन्हा. मेलेल्या बापाच्या आठवणीने जिचा आवाज हलतो, तिला समोरच्या माणसाचा आवाज कसा ऐकू येत नाही? बूट न काढता रेकॉर्ड लावणारा तो शेतकरी त्या बैठकीत असता, तर त्याने पहिली ती टोपी झहूरच्या डोक्यावरून काढली असती. त्याला मी ओळखत नव्हतो, पण शेतावरून दमून आलेला माणूस मला माहीत आहे. आणि ते भक्त म्हणवणारे! प्रेम केलं म्हणून मालकी मिळते, हे कुठल्या जमातीने ठरवलं?

यूसुफभायांना आम्ही निकाल तेवढा सांगितला. बाकीचं मुनव्वरने सांगितलं, झहूर बाहेर गेल्यावर, मान खाली घालून.

दुसऱ्याच दिवशी शुक्रवार. आम्ही नमाजेहून आलो तर मुनव्वर मशीन उलटी करून बसलेला. त्याने कोणाला न विचारता ती नळी काढली आणि खिडकीतून शेळ्यांकडे फेकून दिली.

"बिघडवला परत," तो म्हणाला.

जेवणं झाली. यूसुफभाय म्हणाले, "झहूर, लाव."

"मुनव्वर लावंल," झहूर म्हणाला आणि आपल्या जागी भिंतीला टेकून बसला.

मुनव्वरने सुई टेकवली. टोपीवाल्याचा आवाज पूर्वीसारखा खाली उतरला, जड, थकलेला, घर गेलेल्या माणसाचा. पुराचं गाणं झालं. आजारी घोड्याचं झालं. इद्रीसने समाधानाने डोळे मिटले.

मग कुत्र्याचं गाणं आलं. झहूरकडे कोणी बघितलं नाही. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तो हात मांडीवर ठेवून, तोंड मिटून, बाकीच्यांसारखाच ऐकत होता, आणि चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं.

वेग तोच होता, रेकॉर्ड तीच होती. पण टोपीवाला कसा एकटा, पातळ गात होता. इद्रीसने डोळे उघडले. मुनव्वरने सुईवर काही अडकलंय का म्हणून वाकून पाहिलं. काही नव्हतं.

यूसुफभाय गुडघ्यांवर सरकत मशीनपाशी गेले आणि त्यांनी आवाजाचं बटण पिळलं. थोडा वेळ ऐकलं. अजून पिळलं. मग ते बटण फिरायचं थांबलं, तरी त्यांची बोटं ते पिळतच राहिली.