चांद्याचं शिंग

वाघांच्या राखीव जंगलासाठी गाव उठलं आणि कारंज्याच्या रस्त्याला पत्र्याच्या नव्या घरांत येऊन पडलं. माणसं निमूट आली, गुरं मात्र काही केल्या ऐकेनात. दावी तोडून ती जुन्या गावाकडे पळत. चांद्या बैल पळाला तेव्हा देवकाबाईचा नवरा रूपराव त्याला आणायला गेला, तो गेलाच. तीन वर्षं झाली. वाघानं नेलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. देवकाबाई काही कुंकू पुसेना, म्हणून लोक तिला वेडी म्हणत. दीर कैलासनं तर भावाच्या तेरवीचं, तेराव्याचं जेवणही उद्याच धरलं होतं. तिला मात्र पहाटे सडा टाकताना जंगलाकडून चांद्याची घंटी ऐकू येई आणि हात थांबत.

आज सकाळी अंकिता आली. पिपरी मेघे गावची ही पोरगी वाघ मोजायला जंगलात कॅमेरे बांधायची आणि चहाला देवकाबाईकडेच टेकायची. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला.

"काकू, हे तुमच्या गावचे बैल ना? पार रानटी झाले. स्पॅनिश भाषेत यांना सिमारोन म्हणतात. पाळलेलं जनावर रानात पळालं, की सिमारोन. मालकाला सोडून रानात पळालेल्या माणसालाही हाच शब्द."

"मानसाले बी?"

देवकाबाईनं फोटो डोळ्यांशी धरला. चांद्याच तो, कपाळावर पांढरी कोर. उजवं शिंग गेरूनं लालभडक. पोळा होऊन चारच दिवस झाले होते.

 दर पोळ्याला उजवं शिंग रूपराव रंगवायचा आणि डावं ती. फोटोत डावं कोरं होतं.

"हे लाल काय असेल हो?" अंकितानं विचारलं.

"माती लागली असन," देवकाबाई म्हणाली.

पोरगी गेल्यावर ती आधी भडकली. आपण इथं जगाचे टोमणे खायचे आणि या बाबानं तिकडं पोळा करायचा! मेला असता तर रडून मोकळी तरी झाले असते. मग ती रडली. रडता रडता ते कोरं शिंग पुन्हा आठवलं आणि ती घरात गेरू शोधायला उठली.

दुसऱ्या दिवशी दारात पंगती बसल्या. कैलास वाढता वाढता थबकला. देवकाबाई कपाळभर कुंकू लावून, पदरात गेरूची पुडी बांधून जंगलाच्या वाटेला लागली होती.

"वहिनी, लोकं जेवून राह्यले, अन् तुमी कुठं निघाल्या?"

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

"डावं शिंग राह्यलं," ती म्हणाली.