शिट्टीची दुसरी ओळ

लाहोरहून अजून उत्तर आलेलं नाही. पण विश्वनाथ सबनीसांनी लाहोरला पत्र पाठवलंच नव्हतं, असं त्यांच्या घरात एकमताने ठरलेलं आहे. तेव्हा पहिलं वाक्य आपणही खोडून टाकू आणि जानेवारीतल्या त्या सकाळपासून सुरुवात करू, जेव्हा सबनीसांना काहीही झालेलं नव्हतं.

ते बुटांना पॉलिश करत होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, बुटांना कुठे जायचं नव्हतं, पण ब्रश रोज फिरायचा आणि ब्रशाबरोबर शिट्टी. शिट्टी नेहमीची एकच. फार पूर्वी टीव्हीवर काऊबॉयची एक मालिका लागायची, तिच्या सुरुवातीची. मोजून दोन ओळी. पहिली ओळ वर चढायची, अडेल खेचरावर माणूस चढतो तशी अडखळत. ती आली. दुसरी आली नाही.

सबनीसांनी ओठांचा चंबू तसाच ठेवून वाट पाहिली. नुसती हवा येत राहिली.

"गॅस गळतोय का हो कुठे?" स्वयंपाकघरातून पद्मजाबाईंनी विचारलं.

सबनीस म्हणाले, पॉलिशवर फुंकर मारतोय. मग त्यांनी पुन्हा पहिली ओळ वाजवली, धावत येऊन उडी मारतात तशी, म्हणजे त्या जोरावर दुसरी निघेल. ओळ संपली आणि पुढे कठडा नसलेली गच्ची होती. ते काठावरूनच मागे सरले. एक बूट चकचकीत झाला होता आणि दुसरा तसाच होता. तो अजून तसाच आहे.

आता बहात्तराव्या वर्षी माणूस एखादी चाल विसरला तर त्यात घाबरण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. सबनीसांचे थोरले भाऊ सदाशिवदादा यांनाही सगळे असंच म्हणाले होते. दादा साताऱ्यात गणपतीपुढे उभे असताना आरतीच्या मधेच चाल विसरले. घरचे हसले, दादाही हसले. पुढच्या गणपतीला ते सुनेचं नाव विसरले. त्याच्या पुढच्या गणपतीला त्यांनी सबनीसांना 'आपण कुठल्या खात्यात?' असं अत्यंत आदराने विचारलं. शेवटच्या वर्षी ते घरातल्या घरात हरवायचे. म्हणजे सुरुवात चालीपासून होते, हे सबनीसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि खानदानी आजार कुठल्या क्रमाने येतो याची त्यांच्याकडे जणू नियमावलीच होती.

त्या दिवसापासून ते स्वतःची तपासणी करू लागले. अंघोळीला जाताना भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक. जेवताना सगळ्या सरकारी क्वार्टरांचे नंबर. भाजी आणायला निघाले की सेक्टरांचा पाढा, तेरा वगळून, कारण या शहरात तेरावा सेक्टरच नाही, आणि एकदा त्यांनी चुकून तेरा म्हटलं तेव्हा भेंडीच्या ढिगापाशी त्यांना दरदरून घाम फुटला. थंडी सात अंशांची होती. भाजीवाल्याने त्यांना स्टुलावर बसवलं आणि भेंडीचा भाव आपणहून कमी केला.

शिट्टी मात्र त्यांनी घरात बंद केली. बाथरूममध्ये नळ सोडून ते हळूच पहिली ओळ वाजवायचे आणि पाणी वाया जातंय म्हणून पद्मजाबाईंनी दार वाजवेपर्यंत काठावर उभे राहायचे.

आता ही मालिका म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सगळी अडचण तिथेच आहे.

ब्याऐंशी साली सबनीस केंद्र सरकारच्या लेखा खात्यातून तीन वर्षांसाठी चंदीगढला बदलून आले. परतीचा हुकूम अजून यायचाय. त्या काळात इथल्या गच्च्यांवरचे सगळे अँटेना वायव्येला तोंड करून असत, कारण हवा स्वच्छ असली की लाहोरचं टीव्ही केंद्र दिसायचं. दर गुरुवारी संध्याकाळी सातला लाहोरवर काऊबॉयची मालिका लागायची. तिचा नायक तारखात्यातला होता. गावोगाव खेचरावरून जाऊन तुटलेल्या तारा जोडायचा आणि जोडता जोडता दोन-तीन माणसं गोळ्या घालून मारायचा. सरकारी नोकर इतका निर्भय असू शकतो हे सबनीसांनी प्रथमच पाहिलं आणि ते त्या माणसाच्या प्रेमात पडले.

पण स्वतः ते सरकारी नोकर होते आणि निर्भय नव्हते. शत्रुराष्ट्राचं प्रक्षेपण पाहिलं तर नोकरी जाते, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मुलगा आदित्य तेव्हा तीन वर्षांचा आणि तोंडाचा फटकळ. म्हणून घरात त्या मालिकेचं खरं नाव कधी घ्यायचं नाही असं ठरलं. तिला म्हणायचं सत्यनारायण. 'आज आमच्याकडे सत्यनारायण आहे' असं म्हटलं की शेजारी संध्याकाळी येत नसत. फक्त खालच्या मजल्यावरचे गुरबचनसिंग दुसऱ्या दिवशी प्रसाद मागायचे. त्यामुळे पद्मजाबाईंना चार वर्षं दर गुरुवारी खरोखर शिरा करावा लागला. सबनीस कुटुंबाइतकं धार्मिक कुटुंब पंजाब-हरियाणात दुसरं नाही असा लौकिक झाला. मालिकेचं खरं नाव मात्र गुप्ततेपायी असं काही पुरलं गेलं की ते आज दोघांपैकी एकालाही आठवत नाही.

मालिका सुरू होताना पद्मजाबाई गच्चीवर असायच्या, अँटेनाचा पाइप धरून. सबनीस खाली टीव्हीपाशी. आवाज आधी यायचा, चित्र नंतर. चित्र आलं की सबनीस खिडकीशी जाऊन तीच शिट्टी वर वाजवायचे. याचा अर्थ, दिसतंय, पाइप सोड आणि खाली ये. मग त्या सेफ्टी पिना, वाळत घातलेले कपडे आणि पदर सांभाळत तीस पायऱ्या उतरायच्या. चार वर्षांत त्यांनी एकदाही नावं पडताना पाहिली नाहीत. तारवाला थेट खेचरावर बसलेलाच भेटायचा.

नात रेवा त्यांच्याकडेच राहते आणि सेक्टर सदुसष्टच्या औषधशास्त्राच्या संस्थेत शिकते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. आजोबा नळ सोडून काय करतात हे तिनेच आधी ओळखलं. ती म्हणाली, आबा, चिल, गुनगुनाओ, फोन ढूँढ लेगा. सबनीसांनी फोनपुढे पहिली ओळ वाजवली. फोनने थोडा वेळ विचार केला आणि सांगितलं की हा बहुधा तान्ह्या मुलांना झोपवण्यासाठी समुद्राचा आवाज आहे, शक्यता एक्केचाळीस टक्के. सबनीसांना फोनचा राग आला नाही. त्यांना वाटलं, याचीही सुरुवात झाली असावी.

मग ते गुरबचनसिंगांकडे गेले. गुरबचनसिंग ऐंशीचे, आता सबनीसांच्याच चव्वेचाळीस सेक्टरात दोन गल्ल्या सोडून राहतात, आणि त्यांची स्मरणशक्ती तेजतर्रार असल्याचं ते स्वतः सांगतात. मालिका त्यांना लख्ख आठवत होती. सबनीस चपापले. तुम्हीही बघायचात? गुरबचनसिंग म्हणाले, सारा सेक्टर देखदा सी जी, तुहाडे घर ही पूजा हुंदी सी. म्हणजे बघायचा सगळा सेक्टर, पूजा तेवढी सबनीसांकडे. शिट्टीचं विचारलं तर म्हणाले, शिट्टी कसली, ढोल होता. आणि तो माणूस उंटावर बसायचा.

सबनीस परत येताना भिंतीच्या कडेकडेने चालले. चार वर्षं ज्या भीतीपायी शिरा खाल्ला ती भीती सबंध सेक्टरात फक्त त्यांनाच होती. म्हणजे पूर्वीची भीती खोटी निघाली. पण तिच्यामुळे आताची भीती खोटी ठरत नव्हती. उलट, जागा मोकळी झाल्यासारखी ती पसरून बसली.

रेवाने इस्पितळात नंबर लावला. डॉक्टरीणबाई तरुण आणि शांत होत्या. त्यांनी सेब, मेज़, सिक्का असे तीन शब्द दिले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं. सबनीसांनी घड्याळात सेकंदकाटासुद्धा काढला. तीसपैकी सत्तावीस. बाई म्हणाल्या, उम्र के हिसाब से बढ़िया है.

सबनीसांनी विचारलं, शिट्टीचे गुण कशात धरतात?

बाई हसल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं. रेवाने बाहेर येऊन आजीला फोन केला की सब ठीक है. सबनीस इस्पितळाच्या बाकावर दोन्ही तळवे मांड्यांखाली घालून बसून होते. सदाशिवदादांनाही पहिल्या वर्षी सत्तावीसच मिळाले होते.

आता एकच मार्ग उरला होता. ओळ जिथे हरवली तिथे जाऊन शोधायची.

रविवारी दुपारी ऊन पडलं तेव्हा ते गच्चीवर गेले. हे ते जुनं क्वार्टर नव्हे, निवृत्तीनंतरचा फ्लॅट, पण गच्ची ती गच्ची. पाण्याच्या टाकीशी एक गंजका पाइप कोणाचा तरी उभा होता. सबनीसांनी तो दोन्ही हातांनी धरला, वायव्येला वळले आणि पहिली ओळ वाजवली. मग डोळे मिटून थांबले.

जिन्यात पावलं वाजली. पद्मजाबाई वर येत होत्या, हातात किन्नूंची, म्हणजे इथल्या संत्र्यांची, पिशवी. त्या उन्हात चटईवर बसल्या आणि फळ सोलायला लागल्या. मग सबनीसांनी सगळं सांगितलं, बुटापासून सत्तावीसपर्यंत, पाइप न सोडता.

पद्मजाबाई म्हणाल्या, "दुसरी ओळ नव्हतीच हो."

"काय नव्हती?"

"नव्हतीच. तुम्ही एकच वाजवायचात, मी खाली यायचे. उगाच नसलेलं आठवत बसलात."

सबनीसांचे खांदे तीन आठवड्यांत पहिल्यांदा खाली आले. नसलेली गोष्ट विसरता येत नाही. हे लेखा खात्यातल्या कुठल्याही माणसाला पटेल असं होतं. ते चटईवर येऊन बसले. पण त्यांच्या डोक्यातला तपासनीस अजून उभाच होता. तो म्हणाला, दुसरी ओळ असती तर ती वाजेपर्यंत ही जिन्यात असणार. हिला कसं ठाऊक?

"शपथ घे," सबनीस म्हणाले.

"कशाची?"

"कशाचीही."

पद्मजाबाईंनी एक बी काढून सालांच्या ढिगात टाकली. "सत्यनारायणाची शपथ," त्या म्हणाल्या.

या घरात सत्यनारायणाचा अर्थ काय, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं आणि ती दोन्ही चटईवर बसली होती. पद्मजाबाईंनी जीभ चावली की ठरवूनच ती शपथ निवडली, हे सबनीसांना कळेना. विचारायची हिंमतही होईना. त्यांनी नजर खाली घातली, तेव्हा त्यांना वाटी दिसली. किन्नूची प्रत्येक फोड सालकटं काढून, दोरे ओढून, बिया टिपून ठेवलेली होती. पद्मजाबाई आयुष्यात कधी कोणासाठी असं करत नसत. एकदाच केलं होतं. दादांच्या शेवटच्या वर्षी, साताऱ्यात, दादांना गिळायचं लक्षात राहत नव्हतं तेव्हा.

"खा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता आणि सबनीसांना आजवर ऐकलेल्या कुठल्याही आवाजापेक्षा त्याची जास्त भीती वाटली.

"बी राहिली नाही ना एखादी?"

"नाही राहिली."

सबनीसांनी सगळ्या फोडी खाल्ल्या.

सोमवारी ते टेबलाशी बसले आणि अर्ज लिहिला. पाठवलेली प्रत इंग्रजीत होती, पण कच्चा मसुदा मराठीत, कारण घाबरल्यावर त्यांना इंग्रजी सुचत नाही. पोस्टातला माणूस म्हणाला, अंकलजी, पाकिस्तान की डाक तो बंद है. सबनीसांनी विचारलं, कब तक? तो म्हणाला, ऊपर से ऑर्डर नहीं आया. या उत्तराने सबनीसांना जरा धीर आला. ऑर्डर आलेली नाही म्हणजे कुठेतरी फाइल आहे. त्यांनी पाकीट लाल पेटीत टाकलं आणि पेटीच्या तोंडाशी कान लावून ते पडल्याचा आवाज ऐकला.

संध्याकाळी, रेवाकडून कळताच, आदित्यचा दिल्लीहून फोन आला. तोही केंद्र सरकारात आहे. बाबा, तुम्ही कुठे पत्र पाठवलंत, असं त्याने तीन वेळा विचारलं आणि चौथ्यांदा कुजबुजत विचारलं. मग पद्मजाबाईंनी फोन घेतला आणि पत्र पाठवलंच नाही असं ठरवलं. रेवाने 'पक्का' म्हटलं. सबनीसांनीही हात वर केला.

मसुदा मात्र त्यांनी फाडला नाही. तो पॉलिश न झालेल्या बुटात घडी घालून ठेवला आहे.

प्रति,
मा. केंद्रप्रमुख, दूरचित्रवाणी केंद्र, लाहोर.

विषय: शीर्षकसंगीताच्या दुसऱ्या ओळीबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सन १९८२ ते १९८६ या कालावधीत आपल्या केंद्रावरून दर गुरुवारी सायंकाळी सात वाजता खेचरावरील तारवाल्याची मालिका दाखविण्यात येत असे (नाव ज्ञात नाही). तिच्या आरंभीच्या शिट्टीस दुसरी ओळ होती किंवा कसे, याची माहिती मिळावी. असल्यास ती जाणकार कर्मचाऱ्याकडून वाजवून घेऊन कळविण्यात यावी. नसल्यास, नव्हती, असा दाखला सही-शिक्क्यानिशी देण्यात यावा. पत्नीचा तोंडी दाखला प्राप्त झाला असून तो प्रेमापोटी दिलेला असल्याने ग्राह्य धरता येत नाही.

उत्तर येईपर्यंत स्वतः काय विचारले होते हे अर्जदाराच्या स्मरणात न राहिल्यास, सदर उत्तर सौ. पद्मजा सबनीस यांचेकडे सुपूर्द करावे. त्या गच्चीवर असल्यास कृपया पहिली ओळ वाजवावी, म्हणजे त्या खाली येतील. ही विनंती.