घोडा कसा चालतो

हैबतराव रोज कॉम्प्युटरपुढे बसायचे ते फाटकावरचा कॅमेरा बघायला. माणमधल्या त्यांच्या बारा खोल्यांत सगळे कंपनीतले भाडेकरू. कोण आलं, कोण गेलं, लक्ष ठेवावं लागे. आणि नेमकी फाटकाच्या चित्रावरच पाटी यायची: ‘निरंजन तुमच्या चालीची वाट पाहत आहे.’ फुली दाबली की जाई, पाच मिनिटांत पुन्हा हजर.

बायको अनुसया वारली त्याला दोन महिने झाले होते. निरंजन वरच्या खोलीतला जुना भाडेकरू. महाळुंग्याला फ्लॅट घेतला तेव्हा हा कॉम्प्युटर तिला देऊन गेला. त्यानंच तिला बुद्धिबळ शिकवलं. तो गेल्यावरही दुपारभर ती त्याच्याशी यावरच खेळे, एकटीच हसे. हैबतरावांनी हाक मारली तर म्हणे, “थांबा की, घोडा अडकलाय.” एकतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याबरोबर तिनं पत्त्यांचा डावसुद्धा मांडला नव्हता. त्यांनी कधी म्हटलंही नव्हतं म्हणा.

शेवटी त्यांनी सात नंबरच्या खोलीतल्या जुईलीला बोलावलं.

“ह्ये काढ बाई. त्या निरंजनला म्हनावं, गेलेल्या मानसाला कशाला हाका मारतुया?”

“तो नाही पाठवत, काका. आपोआप येतं. इथून बंद होईल.”

तिनं खेळ उघडला. अर्धवट डाव समोर आला. एका बाजूला निरंजन. दुसऱ्या बाजूला नाव होतं, हैबतराव.

“तुम्ही खेळायचात?”

“मला प्यादं म्हंजी काय त्ये ठावं न्हाई.”

अनुसयानं त्यांचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात उखाणा घेतला तेवढाच, तोही पुटपुटत. दवाखान्यात नर्सनं नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिनं नुसतं त्यांच्याकडे बोट केलं होतं.

डावाखाली दोघांच्या गप्पा होत्या. निरंजननं लिहिलेलं, ‘हैबतराव आज जोरात!’ तिचं उत्तर, ‘हैबतराव हरत नसतात.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. कानशिलं तापली. त्या पोराला रोज ऐकवलं, आणि ज्याचं नाव त्याला एकदाही नाही.

“बंद करू ना, काका?”

“कर.”

पाटी गेली. फाटक स्वच्छ दिसू लागलं.

“खेळही काढून टाकू?”

“न्हाई. ऱ्हाऊ दे.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “घोडा कसा चालतुया, तेवढं दाव मला. त्या बेण्याला हरवायचंय.”