केराबाईच्या रानाचा दर

ट्रॅक्टरच्या कामाचे पैसे आमचे हे गावात कुणाकडून किती घ्यायचे, ते मला कधी कळलंच नाही. विचारलं की म्हणायचे, "घेतो की कायतरी." त्या 'कायतरी'वरून आमची निम्मी भांडणं झाली. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर, आणि आमचे हे, म्हणजे मल्लिनाथ, नुसते हसायचे. त्या हसण्यानं मी आणखी पेटायची. आता ते हसणं एकदा ऐकायला मिळावं म्हणून जीव तुटतो, पण मागायचं कुणाकडं?

दिवाळी झाली आणि छातीत कळ येऊन हे गेले. ट्रॅक्टर गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभा राहिला. छोटाच आहे, द्राक्षाच्या दोन ओळींमधून जाणारा. मोठा ट्रॅक्टर जिथं वळत नाही तिथली शेजाऱ्यापाजाऱ्यांची बारकी कामं हाच करायचा. सीटची कड फाटली होती तिथं ह्यांनी माझ्या जुन्या साडीचा तुकडा शिवला होता. संध्याकाळी धूळ पुसायच्या निमित्तानं मी त्यावर हात ठेवून बसायची.

माझा दीर शिवू अक्कलकोटला खताच्या दुकानात कामाला आहे. माघ सरताना तो घरी आला आणि सासूबाईंसमोरच म्हणाला, "वैनी, मशीन बसून गंजायलंय. गिऱ्हाईक हाय. दिऊन टाकू."

"मी चालवते."

"चालवताल वो. पर दादासारखं फुकट न्हाई. सगळ्यांस्नी एकच दर, आन् रोख. एकाला सोडलं की दुसरा मागतोच. तसं झालं तर गुढीपाडव्याला इकून टाकायचा."

मी हो म्हणाले. तो ट्रॅक्टर गेला असता तर ह्यांचं म्हणून घरात काय उरलं असतं? चालवायला मला ह्यांनीच शिकवलं होतं, आमच्या पडीक रानात. मी घाबरले की मागून ओरडायचे, "क्लच हळू सोड. मी हितंच हाय की." अजूनही क्लच सोडताना मी क्षणभर थांबते. मागून कुणी ओरडत नाही.

दर ठरवायचा तर आधीचा दर माहीत पाहिजे, म्हणून मी विचारत फिरले. धोंडप्पाकाका म्हणाले, "मल्लू पैसं कुटं घ्यायचा? तूर झाली की मी पायलीभर डाळ द्यायचो." मेंढरंवाला बिरदेव म्हणाला, "म्या तुमच्या रानात मेंढरं बसवायचो की. लेंड्यांचं खत फुकटात व्हतं व्हय?" महादेवप्पा म्हणाले, "उन्हाळ्यात तुमच्या भाजीला माझ्या हिरीचं पाणी."

आधी मला वाटलं, बाई एकटी बघून सगळे थापा मारतायत. मग घरी येऊन डाळीचा डबा उघडला, डाळ कधी विकत आणल्याचं आठवेना, आणि तशीच बसले. मी आपली समजत होते की आमचं रान मुळातच कसदार आणि माझ्या हाताला बरकत. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजताय," असं ह्यांना किती वेळा ऐकवलं होतं! त्यातल्या कितीतरी भाकऱ्या आमच्याच ताटात येत होत्या. सांगितलं का नाही मला? सांगितलं असतं तर मी भांडले नसते.

पण पंपावर डाळ देऊन डिझेल मिळत नाही. मी पत्र्यावर खडूनं लिहिलं: अर्ध्या तासाला चारशे, उधारी नाही. लोक कुरकुरले, पण यायला लागले. धोंडप्पाकाकांच्या वांग्यात तण काढायला मी रोटावेटर फिरवला. त्यांनी फोनवरून पैसे पाठवले आणि चहाचंही न विचारता वळले. ह्यांच्या वेळी काम संपलं की दोघं बांधावर बसायचे, अंधार पडेपर्यंत हसण्याचा आवाज घरापर्यंत यायचा. पैसा येत होता, शिवू खूश होता. मी मात्र रोज घरी येताना जास्तच एकटी होऊन यायची.

सगळे आले, केराबाई तेवढी आली नाही. तिचं मोगऱ्याचं रान आमच्या बांधाला लागून, जेमतेम पाच गुंठे. फुलं अक्कलकोटच्या बाजारात जातात. ओळींमध्ये तण गुडघ्याला लागलं, तरी म्हातारी खुरपं घेऊन एकटी बसलेली. शेवटी मीच बांध ओलांडून गेले.

"मावशी, बोलवत का न्हाई मला?"

"तुजा दर मला झेपायचा न्हाई, लक्ष्मी."

"मग हे काय घ्यायचे तुमच्याकडनं?"

तिनं खुरपं खाली ठेवलं. "सोड की. सांगन्यासारखं न्हाई ते."

"सांगा म्हणते ना!" माझा आवाज चढला.

केराबाई मोगऱ्याकडं बघत म्हणाली, "गजरा घ्यायचा. दर सोमवारी एक."

उन्हाळाभर दर सोमवारी हे गजरा आणायचे. "बाजारातनं आणला, धा रुपयाला," म्हणायचे. मी दर सोमवारी तोंड सोडायची, "धा रुपयाची कोथिंबीर आली असती." आणि मग आरशापुढं जाऊन तो माळायची.

"इकत आणला म्हणून का सांगायचे मग?"

"म्या बी इचारलं एकदा," केराबाई म्हणाली. "तर म्हनला, मावशी, ती भांडली की घर भरल्यासारकं वाटतंय."

मी तिथंच ढेकळात बसले. इतके महिने लोकांसमोर आवरून धरलं होतं, ते सगळं त्या मोगऱ्यात बाहेर पडलं. केराबाईनं मला रडू दिलं. मग हळूच म्हणाली, "आता तू सांग. कामाला बोलवून तुला गजरा कुठल्या हातानं दिऊ?"

नवरा गेलेल्या बाईच्या केसात फूल चालत नाही. आमच्याकडं हे कुणी बोलून दाखवत नाही आणि कुणी विसरतही नाही. मी डोळे पुसले, ट्रॅक्टर आणला आणि तिच्या सगळ्या ओळी स्वच्छ करून दिल्या. ती पदराची गाठ सोडायला लागली तशी मी म्हणाले, "पैसे नकोत. दर ह्यांनी ठरवलेला हाय. माणूस गेला म्हणून दर मोडत न्हाई."

केराबाईनं गजरा दाट केला. मी तो तिच्याच हातून माळून घेतला. घरी येताना इंजिनाच्या आवाजात मोठ्यानं म्हणाले, "धा रुपयाची कोथिंबीर आली असती!" मागं कुणी हसलं नाही. मोगऱ्याचा वास मात्र सोबत येत होता.

दारात शिवू उभा, नुकताच अक्कलकोटहून आलेला. त्याला आधीच कळलं होतं. "केराबाईला फुकट केलं म्हनं? वैनी, आपलं काय ठरलं व्हतं? आता उद्या गिऱ्हाईक बोलवतो."

"फुकट न्हाई केलं. वसूल केलंय." मी पाठ फिरवून त्याला अंबाडा दाखवला.

त्यानं आईला हाक मारली, "अव्वा, हे बघ!"

माझी सासू निंगव्वा चुलीपासून उठून आली. शिवू पाळण्यात असताना तिचा नवरा गेला. तेव्हापासून तिच्या केसांत फूल कुणी बघितलेलं नाही. आता गजरा ओढून काढणार, असंच मला वाटलं. मी मान ताठ धरली. तिनं एक बोट फुलांवरून फिरवलं आणि ते नाकाशी धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

"ट्रॅक्टर इकायचा न्हाई," ती शिवूला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आन् तू ग, दर कमी लावलास. हितं दोन बायका हायत."